युद्धावरून परतलेल्या सैनिकांची पुस्तके: आपल्या सीमाभागातील वाचनालयासाठी काय घ्यावे?

प्रश्न (उचगावचा वाचक)

नमस्कार. बेळगाव तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात सैनिकांच्या अनुभवकथनांचा एक स्वतंत्र विभाग सुरू करण्याचे आम्ही ठरवले आहे. आपल्या भागात हा विषय दूरचा नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. ज्या रेजिमेंटची परंपरा १७६८ पर्यंत मागे जाते, तिच्यात बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड आणि गडहिंग्लज या भागांतील घरांनी पिढ्यानपिढ्या आपली मुले पाठवली आहेत, आणि आमच्याकडे बहुतेक गल्ल्यांत पेन्शनीवर आलेला एखादा हवालदार किंवा सुभेदार भेटतोच.

सध्या आमच्या कपाटात परमवीरचक्र विजेत्यांची चरित्रे, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांचे वृत्तान्त आणि काही सेनापतींची आत्मचरित्रे आहेत. शाळकरी मुले ती आवडीने नेतात आणि ती राहतीलच. मात्र एक उणीव मला सतत जाणवते. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सह्या होतात आणि पुस्तक संपते. त्यानंतर आजच्या बांगलादेशातील जमालपूरला लढलेला मराठा रेजिमेंटच्या जंगी पलटणीचा जवान रजा मिळाल्यावर बेळगाव स्टेशनावर उतरला असेल, एस.टी.ने गावी गेला असेल, भाताच्या खळ्यावर भावांबरोबर उभा राहिला असेल. त्याला त्या दिवसांत झोप लागत होती का, लोकांनी त्याला काय विचारले आणि त्याने काय सांगायचे टाळले, याविषयी एकही पान सापडत नाही.

माझे चुलते स्वतः पलटणीतून निवृत्त झालेले आहेत. लढाईविषयी ते थोडेफार बोलतात, परंतु परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षाचा विषय निघाला की उठून गोठ्याकडे जातात. म्हणून विचारतो आहे: ज्यात सैनिकाने स्वतः, किंवा त्याच्या निकटच्या माणसाने, घरी परतण्याविषयी प्रामाणिकपणे लिहिले आहे अशी पुस्तके कोणती? मराठी असल्यास उत्तम, कन्नड आणि इंग्रजीही चालतील. आणि आपल्याच गावांतील माजी सैनिकांचे अनुभव लिहून घ्यायचे झाल्यास ते कसे करावे?

प्रतिसाद १ (ग्रंथालयसेवक, निपाणी)

तुम्ही दाखवलेली उणीव खरी आहे. युरोप-अमेरिकेत मात्र परतण्यावर बरेच लिहिले गेले आहे, म्हणून सुरुवात तेथून करतो. एरिक मारिया रेमार्क या जर्मन लेखकाची ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ ही पहिल्या महायुद्धावरची १९२९ ची कादंबरी अनेकांना ठाऊक असते. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेली तिची पुढची कादंबरी ‘द रोड बॅक’ तुलनेने कमी वाचली जाते, आणि तुमच्या विभागासाठी माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे. त्यातील तरुण सैनिक खंदकांतून परततात आणि पुन्हा शिक्षकाच्या प्रशिक्षणासाठी वर्गातल्या बाकांवर बसवले जातात. ज्यांनी सोबत्यांना मरताना पाहिले, त्यांच्यापुढे मुख्याध्यापक शौर्याचे भाषण करतात, तेव्हा त्या मुलांचा संयम सुटतो. रेमार्क स्वतः १९१७ मध्ये आघाडीवर जखमी झाला होता आणि ते प्रत्येक पानावर जाणवते.

अमेरिकेतील टिम ओब्रायन यांचे ‘द थिंग्ज दे कॅरीड’ हे १९९० चे पुस्तक व्हिएतनामवर आहे. त्यातील एका कथेत परतलेला तरुण आपल्या छोट्या गावातील तळ्याभोवती मोटारीने पुन्हा पुन्हा फेऱ्या मारत राहतो, कारण त्याला जे सांगायचे आहे ते ऐकून घेणारा माणूस त्या गावात उरलेला नसतो. व्हिएतनामहून परतलेल्यांवर इतके एकटेपण का आले, याचे एक साधे कारण तेथील पद्धतीत होते. अमेरिकी सैनिकाला साधारण बारा महिन्यांसाठी एकेकटा पाठवत आणि मुदत संपली की एकेकटाच विमानाने घरी आणत. काल जंगलात असलेला माणूस दोन दिवसांत आपल्या अंगणात उभा असे, आणि त्याचे सोबती मागेच राहिलेले असत. त्या युद्धाचे मानसिक परिणाम अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी अधिकृत आजार म्हणून नोंदवले ते १९८० मध्ये, म्हणजे युद्ध संपून पाच वर्षे झाल्यावर.

भारतीय पुस्तकांपैकी तीन नक्की घ्या. ब्रिगेडियर जॉन दळवी यांचे ‘हिमालयन ब्लंडर’ हे १९६९ चे पुस्तक १९६२ च्या चीन युद्धात नामका चू येथे झालेल्या पराभवाविषयी आहे. दळवी चीनच्या कैदेत होते आणि मे १९६३ मध्ये सुटून आले. पुस्तकाचा मोठा भाग धोरणावरील टीकेचा आहे, तरी पराभूत होऊन परतणाऱ्या सैनिकाची वेदना त्यात ठायी ठायी आहे. रवी बेळगेरे यांनी त्याचा कन्नड अनुवाद केला असल्यामुळे आपल्या भागातील दोन्ही भाषांच्या वाचकांना ते देता येईल. मराठीत श्याम चव्हाण यांचे त्याच युद्धातील वालाँगच्या लढाईवरील आणि त्यानंतरच्या युद्धकैदेवरील पुस्तक आहे, ते अवश्य मिळवा. तिसरे म्हणजे मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी लिहिलेले ‘द सिंकिंग ऑफ आयएनएस खुकरी’. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवच्या समुद्रात ही युद्धनौका बुडाली आणि १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. कार्डोझो यांनी वाचलेल्या नौसैनिकांना आणि कुटुंबांना भेटून त्यांच्या आठवणी एकत्र केल्या. त्या युद्धात त्यांनी स्वतः एक पाय गमावला होता, त्यामुळे ते कोणाला काय विचारावे आणि कोठे थांबावे हे जाणतात. तुम्हाला गावातील माणसांच्या आठवणी नोंदवायच्या असतील तर हे पुस्तक नमुना म्हणून समोर ठेवा.

आणखी एक पुस्तक सांगितल्याशिवाय राहवत नाही. शिशिर सर्वाधिकारी हे बंगाली तरुण पहिल्या महायुद्धात रुग्णसेवक म्हणून मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेले आणि कुतच्या वेढ्यानंतर तुर्कांच्या कैदेत पडले. त्यांनी कैदेत जपलेल्या टिपणांवरून सुमारे चाळीस वर्षांनी ‘अभि ले बगदाद’ हे पुस्तक बंगालीत लिहिले. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत चाललेल्या त्याच वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणीही होत्या. उपासमार झाली, घोडे कापून खावे लागले, शरणागतीनंतर वाळवंटातून पायपीट झाली आणि कित्येक जण वाटेतच गेले. त्या पलटणींतील जे जवान १९१८ नंतर कोकणात, देशावर आणि आपल्या घाटमाथ्यावर परतले, त्यांचे स्वतःच्या हातचे काही टिकले असेल तर ते कोणाच्या तरी माळ्यावरच्या पेटीत असेल. आपल्या विभागाचे काम तेथून सुरू व्हावे असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद २ (माजी सुभेदार, खानापूर तालुका)

वरील यादी वाचली. त्यातील ‘हिमालयन ब्लंडर’ मी कन्नडमधून वाचले आहे आणि त्याविषयी माझ्या मनात आदर आहे. तरी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. आपल्याकडची युद्धाची पुस्तके बहुतांशी अधिकाऱ्यांनी लिहिलेली आहेत. अधिकाऱ्यासमोर नकाशा असतो, हुकूम कोठून आला हे त्याला ठाऊक असते, आणि निवृत्तीनंतर तो शहरात राहतो जेथे लिहिणारे आणि छापणारे जवळ असतात. जवानाला समोरचा बांध, शेजारचा सोबती आणि आपली रायफल दिसते. तो पस्तिशी-चाळिशीच्या घरात पेन्शन घेऊन गावी येतो आणि लगेच दुसरी नोकरी शोधू लागतो, कारण मुलांची शिक्षणे त्याच वेळी सुरू झालेली असतात. कोणी डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये पुन्हा वर्दी चढवतो, कोणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो, कोणी साखर कारखान्याच्या फाटकावर. लिहायला बसण्याइतका निवांतपणा त्याच्या वाट्याला साठीनंतर येतो, तोपर्यंत बरेचसे पुसट झालेले असते.

निपाणीच्या मित्रांनी अमेरिकी सैनिक एकेकटा परतत असे हे लिहिले, त्यावरून आमचा अनुभव किती वेगळा आहे हे लक्षात आले. आम्ही दरवर्षी परतत होतो. वार्षिक रजा साठ दिवसांची असे. काश्मीरच्या बंदोबस्तावरून किंवा हिमनदीवरील चौकीवरून खाली उतरायचे, दोन-तीन दिवस रेल्वेत काढायचे आणि घरी पोहोचायचे. पहिला आठवडा दारावरच्या आवाजाने दचकण्यात जाई. तिसऱ्या आठवड्यात कोठे मुलगा मांडीवर येऊन बसू लागे, आणि तो सरावला म्हणेपर्यंत ट्रंक भरायची वेळ येई. असे परतणे वीस-बावीस वेळा घडते. त्यामुळे एका मोठ्या युद्धानंतरच्या एका परतीवर लिहिलेली पुस्तके वाचताना मला आमच्या जगण्याचा थोडाच भाग त्यात सापडतो.

दुसरे असे की, आमच्या पलटणीत गावाकडचेच लोक असत. एकाच तालुक्यातील पोरे एकाच कंपनीत, भाषा एक, सण एक, गणपती एक. लढाईत जे सोसले ते सोबत्यांना सांगावे लागत नसे, कारण ते तेथेच होते. म्हणून युद्धभूमीवरून घरी येण्यापेक्षा पलटण सोडून घरी येणे मला अवघड गेले. शेवटच्या दिवशी सामान जमा केले, बडा खाना झाला, सोबत्यांनी खांद्यावर घेतले, आणि गावी आल्यावर सकाळी पाचला डोळे उघडले तेव्हा कोणाला हाक मारावी हे कळेना. घरची माणसे प्रेमाची होती, वागण्यात काहीच कमी नव्हते, तरी ही पोकळी मी कोणाला समजावून सांगू शकलो नाही.

आता गावोगावी निवृत्त जवानाची उघड्या जीपमधून मिरवणूक काढतात, फलक लावतात, सुवासिनी ओवाळतात. ही प्रथा चांगली आहे आणि ती टिकावी. आमच्या वेळी ती नव्हती. श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेची शेवटची तुकडी मार्च १९९० मध्ये मद्रासला उतरली, तेव्हा तेथील मुख्यमंत्री करुणानिधी यांनी स्वागताला जाण्याचे नाकारले होते. सुमारे १,२०० जवान त्या बेटावर धारातीर्थी पडले. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात आता त्यांची नावे आहेत आणि कोलंबोजवळ श्रीलंकेनेही स्मारक उभारले आहे. परंतु त्या काळात गावी आल्यावर लोक विचारत, तुम्ही नेमके कोणाशी लढत होता? या प्रश्नाला चार वाक्यांत उत्तर देता येत नसे, म्हणून आम्ही गप्प राहिलो. तुमच्या विभागात श्रीलंकेवरील पुस्तकांना जागा द्या, आणि त्या मोहिमेतील जवान अजून साठी-सत्तरीत आहेत तोवर त्यांना विचारा. तुमचे चुलते गोठ्याकडे जात असतील तर त्यांच्यामागे जाऊन प्रश्न विचारू नका. त्यांच्या पलटणीतील एखादा सोबती घरी जेवायला बोलवा आणि दोघे बोलत असताना तुम्ही फक्त जवळ बसा.

प्रतिसाद ३ (सैनिकपत्नी, चंदगडच्या सीमेवरील गाव)

सुभेदारसाहेबांनी रजेविषयी लिहिलेले वाचले आणि दुसरी बाजू नोंदवावीशी वाटली. आमचे यजमान पलटणीत असताना त्यांच्या पत्त्यावर गावाचे नाव कधीच नसे. नंबर, नाव, पलटण आणि शेवटी ‘केअर ऑफ ५६ ए.पी.ओ.’ म्हणजे सैन्याचे टपाल कार्यालय, एवढेच. ते वाळवंटात आहेत की बर्फात, हे पत्रावरून कळायला मार्ग नव्हता. कारगिलच्या वेळी १९९९ च्या मे ते जुलैपर्यंत गावात टीव्ही असलेल्या घरात सगळ्या बायका जमत आणि बातम्या संपल्यावर एकमेकींच्या तोंडाकडे पाहत, कारण कोणाची पलटण कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते.

पुस्तकांत सैनिकाची पत्नी निरोप देताना दिसते आणि स्वागत करताना दिसते. मधल्या काळात ती काजूच्या बागेचे, सासू-सासऱ्यांच्या औषधांचे, मुलांच्या शाळेचे आणि बांधावरच्या भांडणाचे निर्णय घेत असते. यजमान कायमचे घरी आले तेव्हा या सर्व निर्णयांत पुन्हा वाटणी करावी लागली. त्यांना वाटे की आता सगळे आपण पाहावे, आणि मला वाटे की इतकी वर्षे मी नीट सांभाळलेले असताना विचारल्याशिवाय बदल का व्हावेत. दोघांचेही बरोबर होते. पहिली दोन-तीन वर्षे आमच्या घरात सर्वांत अधिक बोलणे याच विषयावर झाले, आणि आमच्या आळीतल्या इतर सैनिकांच्या घरांतही हेच घडले. म्हणून माझी विनंती अशी की, तुम्ही आठवणी गोळा कराल तेव्हा घरातील स्त्रियांना स्वतंत्रपणे, यजमान समोर नसताना विचारा. बेलारूसच्या लेखिका स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी अफगाणिस्तानातील युद्धावरच्या पुस्तकात सैनिकांइतकेच त्यांच्या आयांना आणि पत्नींना बोलते केले आहे. माझ्या मुलीने ते मला मराठीतून समजावून वाचून दाखवले. देश दूरचा असला तरी त्या बायकांचे बोलणे मला परके वाटले नाही.

प्रतिसाद ४ (वाचक, बेळगाव शहर)

एक स्थानिक नाव राहून गेले आहे. लोंढ्याच्या पुढे जगलबेट येथे राहिलेले मनोहर माळगावकर हे इंग्रजीतील मान्यवर कादंबरीकार स्वतः मराठा लाइट इन्फंट्रीत अधिकारी होते. त्यांची १९६० ची ‘डिस्टंट ड्रम’ ही कादंबरी स्वातंत्र्याच्या आगेमागे भारतीय सैन्यात काय बदलले याचे जवळून केलेले चित्रण आहे. ती अधिकाऱ्यांच्या जगातली आहे, त्यामुळे सुभेदारसाहेबांचा आक्षेप तिलाही लागू पडेल. तरी ज्या माणसाने आपल्या पलटणीचे जीवन आतून पाहिले आणि नंतर आपल्याच रानात घर बांधून लिहिले, त्याचे पुस्तक आपल्या विभागात असायलाच हवे. तसेच कॅम्पातील रेजिमेंटच्या संग्रहालयाला परवानगी काढून मुलांसह भेट द्या. इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांची नावे मुलांना पाठ असतात, पण पलटण त्या देशात का होती हे तेथील वस्तूंसमोर उभे राहून सांगितले तर अधिक पोहोचते.

मूळ प्रश्नकर्ता (उचगावचा वाचक)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कार्डोझो, दळवी यांचा कन्नड अनुवाद, चव्हाण आणि रेमार्क यांच्यापासून सुरुवात करतो. सुभेदारसाहेबांचा सल्ला मानून चुलत्यांच्या पलटणीतील एका सोबत्यांना आमंत्रण दिले आहे. आठवणी जमल्या तर सीमाभागातील गावांत दरवर्षी जी मराठी साहित्य संमेलने भरतात, त्यांपैकी कडोली किंवा येळ्ळूरच्या संमेलनात त्यांचे वाचन ठेवावे असा विचार आहे. मात्र कोणाच्या आठवणी जाहीर करताना काय काळजी घ्यावी आणि जुन्या पत्रांचे काय करावे, हे कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद ५ (इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, बेळगाव)

जाहीर वाचनाची घाई करू नये. वर ज्या अलेक्सिएविच यांचा उल्लेख आला, त्यांच्याविरुद्ध त्याच पुस्तकावरून १९९३ मध्ये मिन्स्कच्या न्यायालयात खटला चालला, आणि फिर्याद करणाऱ्यांत त्यांनी ज्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या ती काही माणसे होती. दुःखाच्या भरात सांगितलेले छापून आल्यावर माणसाला परके वाटू शकते, आणि गावात तर सांगणारा आणि ऐकणारा रोज समोरासमोर येतात. म्हणून मुलाखत लिहून काढल्यावर ती त्या व्यक्तीला पूर्ण वाचून दाखवा, नको असलेला भाग काढण्याचा अधिकार द्या आणि लेखी संमती मराठीत घ्या. दिवंगत सोबत्याविषयी काही कठीण सांगितले गेले असेल तर त्याच्या घरच्यांना आधी भेटा. चौक्यांची ठिकाणे, शस्त्रसामग्री आणि चालू बंदोबस्ताची माहिती वगळा, कारण शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ निवृत्तांनाही लागू असतो, आणि आपल्याला हवा तो माणसाचा अनुभव त्याशिवायही पूर्ण सांगता येतो.

पत्रांविषयी मात्र घाई करा. पहिल्या महायुद्धातील भारतीय जवानांची जी पत्रे आज आपण वाचू शकतो, त्यांचा डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ मध्ये संपादित केलेला संग्रह प्रसिद्ध आहे. ती टिकली, कारण डाक तपासणाऱ्या ब्रिटिश खात्याने त्यांतील उतारे इंग्रजीत उतरवून अहवालांना जोडले. बहुतेक पत्रे पंजाब आणि उत्तरेकडील जवानांची आहेत, आणि लिहिणाऱ्याच्या मूळ भाषेतील शब्द त्यांतून गेलेच. आपल्या घरांतील अंतर्देशीय पत्रे अजून मूळ मराठीत आहेत, तीही मोडी जाणणाऱ्या आजोबांपासून बॉलपेनने लिहिणाऱ्या नातवापर्यंत. ती लॅमिनेट करू नका आणि फाटलेल्या घडीवर चिकटपट्टी लावू नका. दोन्हींमुळे कागद कायमचा बिघडतो. सपाट ठेवून उजेडात दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्या. टपालाचा शिक्का, पत्ता आणि समासात मुलांसाठी लिहिलेली ओळ यांपैकी काहीही कापू नका. पाकिटावर पेन्सिलीने कोणाचे, कोणाला आणि घरात कोणाकडे मिळाले एवढे लिहा. मूळ पत्र त्या घरीच राहू द्या, वाचनालयात प्रत ठेवा. चुलत्यांच्या सोबत्यांना बोलावले आहे म्हणता, तर त्यांना येताना पलटणीतील जुनी छायाचित्रे आणायला सांगा, आणि छायाचित्रात कोण कोण उभे आहे हे त्या दोघांकडून नावानिशी लिहून घ्या.